वस्तीचे पाणी आणि घरचा शोषखड्डा : नायट्रेटचा हिशेब आपण कसा मांडायचा?

२० मार्च १९२७ रोजी महाडच्या चवदार तळ्याचे पाणी बाबासाहेबांनी ओंजळीत घेतले. पाण्यावर सर्वांचा सारखा हक्क आहे, हे तेव्हा सिद्ध करायचे होते. त्यावर मुंबई उच्च न्यायालयाचा अंतिम निकाल यायला १९३७ साल उजाडले. आज आपल्या बहुतेक वस्त्यांत हातपंप आहे, बोअर आहे, काही ठिकाणी घरोघरी नळही आला आहे. पाण्यापर्यंत आपण पोहोचलो. पण त्या पाण्यात काय विरघळले आहे, हे आपल्यापैकी किती जणांनी तपासून घेतले आहे?

२०१४ नंतर गावोगावी शौचालये झाली. ती व्हायलाच हवी होती. उघड्यावर जाण्याची लाचारी आणि तिच्यासोबत येणारा अपमान सर्वांत जास्त आपल्या आया-बहिणींनीच सोसला आहे. मात्र वस्तीतल्या घरांच्या जागा लहान. पुढे ओटा, मागे मोरी, मोरीच्या बाजूला शौचालय, त्याचा शोषखड्डा आणि दहा-पंधरा पावलांवर बोअर, अशी मांडणी अनेक ठिकाणी दिसते. जमिनीखाली या दोघांची भेट होते का, आणि झाली तर ती कशी ओळखायची, हा या लेखाचा विषय आहे.

मैल्यातले नत्र विहिरीपर्यंत कसे जाते

आपण खातो त्या डाळ, भाकरी, अंडी, मांस यांतल्या प्रथिनांमध्ये नत्र असते. शरीराचे काम झाले की त्यातले बहुतेक नत्र बाहेर पडते आणि त्याचा मोठा वाटा लघवीतून जातो. सेप्टिक टँकमध्ये हवा नसते. तिथे लघवीतल्या युरियाचे अमोनियात रूपांतर होते. जड गाळ तळाशी बसतो आणि वरचे पाणी शोषखड्ड्यात जाते. खड्ड्याभोवतीच्या मातीत हवा मिळाली की तिथले जिवाणू अमोनियाचे नायट्रेट करतात.

खरी अडचण इथून सुरू होते. अमोनिया चिकणमातीच्या कणांना धरून राहतो. नायट्रेट मात्र धरून राहत नाही. ते पाण्यात पूर्ण विरघळते आणि पाणी जाईल तिकडे जाते. माती जंतूंना बऱ्याच प्रमाणात गाळते, नायट्रेटला गाळत नाही. त्याला रंग नाही, वास नाही, पिण्याच्या पाण्यात त्याची चवही कळत नाही. पाणी काचेसारखे स्वच्छ दिसते आणि त्यात नायट्रेट मर्यादेच्या दुप्पट असू शकते.

महाराष्ट्राचा बहुतांश भाग काळ्या पाषाणाचा, म्हणजे बेसाल्टचा. वर माती, खाली मुरूम, त्याखाली भेगाळलेला खडक. शोषखड्डा मुरमापर्यंत किंवा भेगेपर्यंत खोल गेला, तर पाणी मातीत मुरत बसत नाही, भेगेतून वाहते. म्हणून इथे अंतराचा भरवसा धरता येत नाही. भेग नसेल तर पंधरा फुटांवरची विहीर सुरक्षित राहील आणि भेग जुळली तर शंभर फुटांवरच्या बोअरला त्रास होईल.

आणखी एक गोष्ट. पिण्याच्या पाण्याच्या स्रोतापासून शोषखड्डा निदान १८ मीटर, म्हणजे सुमारे ६० फूट दूर असावा, असा भारतीय मानकाचा नियम आहे. हे अंतर जंतूंचा धोका डोळ्यांपुढे ठेवून ठरवलेले आहे. नायट्रेटची हमी ते देत नाही. आणि वस्तीतल्या जागेत ६० फूट आणायचे कुठून, हा प्रश्न वेगळाच.

धोका कोणाला

सर्वांत मोठा धोका सहा महिन्यांच्या आतील बाळांना असतो. नायट्रेटचे शरीरात नायट्राइट होते. ते रक्तातल्या हिमोग्लोबिनची प्राणवायू वाहण्याची शक्ती कमी करते. बाळाचे ओठ, नखे, त्वचा निळसर पडते. वेळेत उपचार झाले नाहीत तर जीव जाऊ शकतो. १९४५ मध्ये अमेरिकेतील आयोवा राज्यात हंटर कॉमली या डॉक्टरांनी विहिरीच्या पाण्यातले नायट्रेट आणि निळी पडलेली बाळे यांचा संबंध दाखवला. ती बाळे शेतावरच्या विहिरीचे पाणी घातलेल्या दुधावर होती.

आईच्या दुधात नायट्रेट फारसे उतरत नाही. त्यामुळे फक्त अंगावर पिणारे बाळ या धोक्यापासून बरेच सुरक्षित असते. धोका आहे तो पावडरचे दूध किंवा वरचे दूध विहिरीच्या पाण्यात कालवून देण्यात. इथे एक गैरसमज जीवघेणा ठरू शकतो : ‘पाणी उकळून देतो, मग काय होणार?’ उकळल्याने जंतू मरतात. नायट्रेट मात्र उडून जात नाही. उलट पाणी आटते तसे उरलेल्या पाण्यात त्याचे प्रमाण वाढते. टीसीएल पावडर टाकून किंवा तुरटी फिरवूनही ते कमी होत नाही.

मोठ्या माणसांच्या बाबतीत परिणाम इतका झटपट दिसत नाही. मात्र पोटात गेलेल्या नायट्रेटपासून शरीरात नायट्रोसो संयुगे तयार होतील अशा परिस्थितीत ते ‘बहुधा कर्ककारक’ असल्याचे वर्गीकरण आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्थेने २०१० मध्ये केले आहे. गरोदर स्त्रियांनीही काळजी घ्यावी.

आकडा ४५ चा की १० चा?

भारतीय मानकानुसार पिण्याच्या पाण्यात नायट्रेटची मर्यादा लिटरमागे ४५ मिलिग्रॅम आहे. ‘दुसरा स्रोत नसेल तर थोडे जास्त चालेल’ अशी सवलत काही घटकांना आहे, नायट्रेटला नाही. जागतिक आरोग्य संघटनेची मर्यादा ५० आहे. अमेरिकेत मात्र १० हा आकडा दिसतो. तो जास्त कडक नियम नाही. तिथे फक्त नायट्रेटमधले नत्र मोजतात. नत्राच्या आकड्याला ४.४३ ने गुणले की नायट्रेटचा आकडा मिळतो, म्हणजे १० चे ४४.३ होतात.

हा फरक लक्षात ठेवणे फार गरजेचे आहे. काही तपासणी पट्ट्या आणि प्रयोगशाळा ‘नायट्रेट’ देतात, काही ‘नायट्रेट-नत्र’ देतात. अहवालात १८ लिहिले आहे आणि आपण ते ४५ पेक्षा कमी म्हणून निश्चिंत झालो. पण ते १८ नत्राचे असेल तर खरे नायट्रेट जवळपास ८० आहे. अहवाल हातात आला की पहिला प्रश्न हाच विचारा.

प्रश्न किती पसरला आहे, ते केंद्रीय भूजल मंडळाच्या २०२४ च्या वार्षिक भूजल गुणवत्ता अहवालात दिसते. देशभरातल्या नमुन्यांपैकी सुमारे २० टक्क्यांत नायट्रेट मर्यादेपेक्षा जास्त निघाले. महाराष्ट्रात हे प्रमाण सुमारे ३६ टक्के आहे. देशातल्या सर्वाधिक बाधित पंधरा जिल्ह्यांत वर्धा, बुलढाणा, अमरावती, नांदेड, बीड, जळगाव आणि यवतमाळ ही आपली सात नावे आहेत.

एका घराचा हिशेब

आता कागद-पेन्सिल घ्या. एका माणसाच्या मल-मूत्रातून वर्षाला साधारण अडीच ते चार किलो नत्र बाहेर पडते. आपण ३ किलो धरू. पाच माणसांच्या घराचे झाले १५ किलो. यातले काही गाळात राहते, काही वायू होऊन उडते, काही शेतात-कामावर जाते. एक तृतीयांश असे गेले असे मानू. उरले १० किलो नत्र.

हे १० किलो म्हणजे किती? युरियाच्या ४५ किलोच्या एका गोणीत सुमारे २१ किलो नत्र असते. म्हणजे दरवर्षी अर्धी गोणी युरिया आपण घराखालच्या जमिनीत सोडतो. फरक एवढाच की शेतात टाकलेल्या युरियातले काही पीक तरी उचलते. शोषखड्डा मुळांच्या खाली असतो, तिथे उचलायला कोणी नसते. पन्नास घरांच्या वस्तीचा हिशेब वर्षाला सुमारे पंचवीस गोण्यांचा होतो.

पुढची पायरी. १० किलो नत्राचे नायट्रेट झाले ४४.३ किलो. ते ४५ च्या मर्यादेत ठेवायचे तर सुमारे १० लाख लिटर स्वच्छ पाण्यात विरघळायला हवे. हे पाणी येणार पावसातून. वर्षाला ७०० मिलिमीटर पाऊस पडला आणि त्यातला दहा टक्के जमिनीत मुरला असे धरू. बेसाल्टच्या भागासाठी हा अंदाज वाजवी आहे. मग प्रत्येक चौरस मीटरला ७० लिटर मिळतात. १० लाख लिटरसाठी साधारण १४ हजार चौरस मीटर, म्हणजे साडेतीन एकर जमीन लागते. तीही एका घरासाठी! आजूबाजूच्या शेतांमुळे मुरणाऱ्या पाण्यात आधीच २० मिलिग्रॅम नायट्रेट असेल, तर हीच गरज सव्वासहा एकरांवर जाते.

हा ढोबळ हिशेब आहे. जिथे खोल काळी माती आणि ओल आहे, तिथे जिवाणू नायट्रेटचा काही भाग वायूत बदलतात आणि आकडा खाली येतो. पण हिशेबाचे सार बदलत नाही. शेतात एकटे घर असेल तर त्याचा शोषखड्डा जमीन पचवू शकते. तीच घरे तीन-चार एकरांत पन्नास दाटीने उभी केली, तर प्रत्येकाने खड्डा नियमाप्रमाणे बांधला तरी पाणी बिघडू शकते. तेव्हा ‘वस्तीतले लोकच अस्वच्छ’ असे कोणी म्हणाले, तर हा हिशेब त्यांच्यापुढे ठेवा. गावाने आपल्याला किती जमीन दिली, याचा तो हिशेब आहे.

आधी नकाशा काढा

हिशेब शंका दाखवतो, पुरावा देत नाही. पुराव्यासाठी मोजावे लागते. कालाम सुत्तात बुद्धांनी ऐकीव गोष्टीवर, परंपरेवर, कोणाच्या अधिकारावर विसंबू नका, स्वतः पडताळा, असे सांगितले. पाण्याच्या बाबतीतही पद्धत तीच.

मोठ्या कागदावर वस्तीचा नकाशा काढा. प्रत्येक विहीर, बोअर, हातपंप, शोषखड्डा, उकिरडा, गोठा, नाली आणि लगतची शेते त्यावर दाखवा. प्रत्येक स्रोतापासून जवळच्या खड्ड्याचे अंतर टेपने मोजा. घरमालकाला तीन प्रश्न विचारा : टँकला तळ आहे का, खड्डा किती खोल आहे आणि शेवटचा उपसा कधी झाला? अनेक ठिकाणी ज्याला सेप्टिक टँक म्हणतात तो प्रत्यक्षात बिनतळाचा विटांचा हौद असतो.

बोअरचा केसिंग पाईप किती फूट आहे, त्याभोवतीचा ओटा फुटला आहे का, तेही लिहा. पाऊस पडताच बोअरचे पाणी गढूळ होत असेल, तर वरचे पाणी केसिंगच्या कडेने थेट आत शिरते आहे. तो दोष शोषखड्ड्याचा नसून बोअरच्या बांधणीचा आहे, आणि दुरुस्तीही सोपी आहे.

भूजल कोणत्या दिशेने वाहते, हे तीन विहिरींवरून कळते. रात्रभर पंप बंद ठेवा आणि सकाळी तिन्ही विहिरींतल्या पाण्याची खोली दोरीने मोजा. तिन्हींचे काठ एका पातळीत नसतात. त्यासाठी गवंड्याकडचा पाण्याचा लेव्हल पाईप वापरून काठांच्या उंचीतला फरक काढा आणि तो हिशेबात घ्या. ज्या विहिरीतली पाणीपातळी सर्वांत खाली, तिकडे भूजलाचा ओघ. आता शोषखड्ड्याच्या वरच्या अंगाला कोण आणि खालच्या अंगाला कोण, हे नकाशावर दिसेल.

नमुना कधी आणि कसा घ्यावा

निदान तीन नमुने हवेत : वरच्या अंगाची विहीर, संशयित बोअर आणि आणखी खालच्या अंगाचा स्रोत. एकच नमुना घेतला तर पाणी खराब आहे की नाही एवढे कळेल, ते कुठून आले हे कळणार नाही.

वर्षातून दोनदा नमुने घ्या, पावसाळ्याआधी आणि पावसाळ्यानंतर. आपल्या दिनदर्शिकेत यासाठी दोन दिवस आयतेच आहेत. वैशाखातली बुद्ध पौर्णिमा पावसाळ्यापूर्वी येते आणि धम्मचक्र प्रवर्तन दिन पावसाळा ओसरताना. विहारातल्या मंडळाने हे दोन दिवस ठरवून टाकले, तर तीन-चार वर्षांत वस्तीकडे स्वतःची नोंदवही तयार होईल.

पंप पाच-दहा मिनिटे चालवून पाईपमधले जुने पाणी जाऊ द्या. रासायनिक तपासणीची स्वच्छ बाटली त्याच पाण्याने तीनदा विसळा आणि काठोकाठ भरा. जंतू तपासणीची बाटली वेगळी, निर्जंतुक असते. ती विसळायची नाही. बाटलीवर ठिकाण, तारीख, वेळ लिहा. बर्फाच्या डब्यात ठेवून शक्यतो त्याच दिवशी प्रयोगशाळेत पोहोचवा.

सुरुवात गावातूनच करता येते. जल जीवन मिशनमध्ये प्रत्येक गावातल्या पाच महिलांना पाणी तपासणी संचाचे प्रशिक्षण देण्याची तरतूद आहे. तो संच ग्रामपंचायतीकडे आहे का आणि त्या पाच जणी कोण, हे ग्रामसेवक किंवा जलसुरक्षकांना विचारा. संचात नायट्रेट जास्त दिसले तर नमुना जिल्ह्याच्या किंवा तालुक्याच्या शासकीय पाणी प्रयोगशाळेत द्या. गावाला हिरवे कार्ड मिळाले आहे, म्हणून थांबू नका. ते कार्ड मुख्यतः स्रोताभोवतीची स्वच्छता पाहून दिले जाते. नायट्रेटचा आकडा त्यावरून कळत नाही.

शौचालय, उकिरडा की युरिया?

फक्त नायट्रेट तपासले तर दोष कोणाचा हे कळत नाही. म्हणून सोबत क्लोराइड, अमोनिया, विद्युतवाहकता आणि ई. कोलाय जंतूंची तपासणी मागा. आपण मीठ खातो, ते लघवीतून क्लोराइडच्या रूपात जाते आणि नायट्रेटसारखेच पाण्यासोबत वाहते. युरियात क्लोराइड नसते.

वरच्या विहिरीपेक्षा खालच्या बोअरमध्ये नायट्रेट आणि क्लोराइड दोन्ही वाढले आणि ई. कोलायही सापडले, तर संशय शौचालयावर किंवा गोठा-उकिरड्यावर जातो. या दोघांत फरक करायला नकाशा लागतो, कारण शेणातही हे सगळे असते. वरच्या विहिरीतच नायट्रेट जास्त, क्लोराइड मात्र साधारण, जंतू नाहीत, तर शेतातला युरिया बघावा लागेल. शेतकरी पोटॅशचे खत वापरत असेल तर त्यातूनही क्लोराइड येते, तेही विचारून घ्या. अमोनिया जास्त आणि नायट्रेट कमी असेल तर आनंद मानू नका. मैल्याचे पाणी इतक्या जवळून येते आहे की त्याचे नायट्रेट व्हायलाही वेळ मिळालेला नाही.

जंतू नाहीत म्हणजे पाणी सुरक्षित, असेही नाही. जंतू वाटेत मरतात, नायट्रेट पुढे जाते. आणि बहुतेक गावांत उत्तर एकच नसते. थोडे शेत, थोडा उकिरडा, थोडे शौचालय. अधिक खात्री हवी असल्यास संशोधन संस्थांमध्ये नत्राच्या समस्थानिकांची तपासणी होते. रासायनिक खतातले नत्र आणि मैला-शेणातले नत्र यांत जड नत्राचे प्रमाण वेगळे असते. पण ती महाग आहे आणि शेण की मैला हे तीही नीट सांगत नाही. वस्तीला निर्णय घ्यायला वरच्या तपासण्या पुरेशा आहेत.

नायट्रेट जास्त निघाले तर

त्या दिवसापासून सहा महिन्यांच्या आतील बाळासाठी आणि गरोदर स्त्रीसाठी ते पाणी बंद. आशाताईंना कळवा. मर्यादेत असलेल्या दुसऱ्या स्रोताचे पाणी त्या घरांना आधी द्या. आरओ यंत्राने नायट्रेट कमी होते, साध्या कँडल फिल्टरने होत नाही. आरओ बसवले तरी शुद्ध झालेल्या पाण्याचा आकडा अधूनमधून तपासावा लागतो.

मग ग्रामसभा. तोंडी तक्रारीऐवजी नकाशा, दोन हंगामांचे आकडे आणि प्रयोगशाळेचा अहवाल जोडून लेखी अर्ज द्या आणि पोच घ्या. ग्रामपंचायतीला वित्त आयोगाचा बंधित निधी मिळतो तो पाणी आणि स्वच्छतेसाठीच. मागण्या नेमक्या ठेवा : वस्तीसाठी प्रदूषणाच्या वरच्या अंगाचा स्रोत, बोअरच्या केसिंगची आणि ओट्याची दुरुस्ती, बिनतळाच्या हौदांऐवजी उथळ दोन खड्ड्यांची शौचालये, दाट वस्तीत बंद गटार आणि गावाबाहेर सामाईक प्रक्रिया, वरच्या अंगाला पावसाचे पाणी मुरवण्याची सोय. सांडपाणी उथळ चरातून केळी, कर्दळ अशा झाडांच्या मुळांशी सोडले तर नत्राचा काही भाग झाडे वापरतात. जमिनीतले नायट्रेट लगेच धुऊन निघत नाही, काही वर्षे लागू शकतात. म्हणून दुरुस्तीनंतरही नोंदवही चालू ठेवा.

एका बाबतीत तडजोड नको. टँकचा गाळ उपसायचा तो यंत्रानेच. संरक्षक साधनांशिवाय माणसाला टँकमध्ये उतरवणे २०१३ च्या कायद्याने गुन्हा आहे. अशा मृत्यूसाठी ३० लाख रुपये भरपाई द्यावी, असे सर्वोच्च न्यायालयाने ऑक्टोबर २०२३ मध्ये सांगितले. आपल्या विहिरीचे पाणी सुधारण्यासाठी आपल्याच एखाद्या भावाला विषारी वायूत उतरवायचे नाही, मग तो पैसे घेऊन स्वतः तयार असला तरी.

शौचालय बंद करा, असे या लेखात कुठेही म्हटलेले नाही. शौचालय हवेच, पाणीही शुद्ध हवे, आणि दोन्हींसाठी लागणारी जागा आणि पैसा हा आपला हक्क आहे. तो मागताना हातात आकडे असले पाहिजेत. येत्या बुद्ध पौर्णिमेला सकाळी वंदना झाली की तीन बाटल्या, एक दोरी आणि एक वही घेऊन वस्तीतली पाच मुले-मुली विहिरीवर जाऊ शकतात. एवढ्याने सुरुवात होते.

जय भीम.